प्रतिसाद: पॅरिसखालची ती भुयारं म्हणजे दगडाच्या खाणी

वर कुणी लिहिलंय की पॅरिसखालची भुयारं राजघराण्याला पळून जाण्यासाठी खणली होती. तसं नाही. ती मुळात चुनखडीच्या खाणी. वरच्या इमारतींचा बराचसा दगड तिथलाच. वाल-द-ग्रास चर्चचा पाया घालताना खाली पोकळी निघाली, तेव्हा खाणीतूनच खांब उभारून वर यावं लागलं.

धोका छताचा. एक थर सुटून पडला की पोकळी घंटेच्या आकारात वर चढत जाते. पडलेला दगड विस्कटून जास्त जागा व्यापतो, म्हणून पोकळी मोठी नसेल तर ती आपोआप भरून थांबते. नाही थांबली, तर एक दिवस रस्ताच खचतो. १७७४ मध्ये तसंच झालं आणि १७७७ मध्ये खाणींसाठी स्वतंत्र तपासणी खातं निघालं. त्यांनी बांधलेल्या आधारभिंतींवर '४ जी १७७९' अशा खुणा दिसतात: कामाचा क्रमांक, निरीक्षक गियोमो (Guillaumot) यांचं आद्याक्षर 'जी', वर्ष.

आता वरून बोअर मारून पोकळीत वाळू-सिमेंटचं पातळ मिश्रण सोडतात. ते बसलं की छताशी फट उरते. ती दाबाखाली पुन्हा भरली नाही, तर सगळा खर्च पाण्यात!