रवांडाच्या संसदेत ६४ टक्के बायका. बरं, मग?

डोंगरउतार (धागाकर्ती)

आठ मार्च आला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो: 'रवांडाच्या संसदेत ६४ टक्के महिला, आणि आपण?' आकडा खरा आहे. २०२४च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी ५१ जागांवर बायका आल्या. आपल्या लोकसभेत त्याच वर्षी ५४३ पैकी ७४. तरी मला तो फॉरवर्ड खुपतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं रवांडाच्या राजधानीत, किगालीत होते. समोरच्या डोंगरावर पहाटे बायका आणि पोरी पाण्याचे पिवळे कॅन घेऊन चढायच्या. वीस लिटरचा कॅन डोक्यावर, पाठीला कापडात घट्ट बांधलेलं तान्हं. त्यातलीच एक आमच्याकडे भाजी द्यायची. तिला एकदा विचारलं, तुमची खासदार कोण? ती नुसती हसली.

माझं म्हणणं एवढंच: तिथल्या बाईच्या आयुष्यात फरक पडला तो दोन गोष्टींनी. जमिनीच्या कागदावर नाव लागलं आणि बाळंतपणात मरणं कमी झालं. संसदेतल्या खुर्च्या मोजून 'विकास' म्हणू नये.

आकडेमोड

सहमत, आणि थोडी भर. जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष तफावत निर्देशांकात २०२२ साली रवांडा सहावा होता आणि भारत १३५वा. लोक हे वाचून हरखतात. पण हा निर्देशांक तफावत मोजतो, पातळी मोजत नाही. नवरा-बायको दोघंही दुसऱ्याच्या शेतात रोजाने खुरपत असतील तर तिथे उत्तम समानता! गरीब देशात बाईला घरी बसणं परवडतच नाही, म्हणून कामातला सहभाग आपोआप जास्त दिसतो. २०२४मध्ये तोच देश ३९वा आला. दोन वर्षांत तिथल्या बायकांचं जगणं एवढं कोसळलं असेल? मला तरी पटत नाही.

दरडोई उत्पन्न अजून वर्षाला हजार डॉलरच्या आसपास आहे, हेही त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

मुक्कामपोस्ट

साफ असहमत. आणि डोंगरउतार, तुमचा भाजीवालीचा किस्सा छान आहे, पण प्रश्नच चुकला. तिथे मतदारसंघ नाहीत. ५३ जागा पक्षाच्या यादीतून भरतात, २४ बायकांसाठी राखीव आणि त्या निवडणारी मंडळंही वेगळी, उरलेल्या तीन तरुण आणि अपंगांच्या. 'आमची खासदार' ही कल्पनाच नसेल तर ती हसणारच.

आता मूळ मुद्दा. जमिनीवर नाव लागलं म्हणता, ते कुणामुळे? मुलींना वारसाहक्कात बरोबरीचा वाटा देणारा कायदा १९९९चा. त्यामागे १९९६ साली स्थापन झालेला महिला खासदारांचा मंच होता. २००८चा स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदाही त्यांनीच मांडला. आधी खुर्ची, मग कायदा, मग कागद. तुम्ही फळ खाताय आणि झाडाला नावं ठेवताय.

जुनी_पेन्शन

अहो, १९९४च्या नरसंहारात पुरुषच उरले नव्हते, लोकसंख्येत ७० टक्के बायका होत्या. मग संसदेत त्याच येणार. यात धोरण कसलं?

आकडेमोड

@जुनी_पेन्शन, काका, हा सत्तर टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो, पण २००२च्या जनगणनेत बायका निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बायकामुलंही होतीच. शिवाय पुरुष कमी झाले म्हणून बायका संसदेत जातात असं असतं तर युद्धानंतर प्रत्येक देशात तसं झालं असतं. २००३च्या घटनेत किमान ३० टक्क्यांची अट घातली, म्हणून झालं.

डोंगरउतार

@मुक्कामपोस्ट, मतदारसंघाचं मान्य. पण वर्षं तुम्हीच जुळवून बघा. वारसाचा कायदा १९९९चा, राखीव जागा २००३च्या. म्हणजे तो कायदा झाला तेव्हा बायकांचं बहुमत सोडा, आरक्षणही नव्हतं.

आणि बहुमत आल्यावर काय झालं? २००८मध्ये ८० पैकी ४५ बायका. त्याच सभागृहाने २००९ला नवा कामगार कायदा केला. बारा आठवड्यांची बाळंतपणाची रजा कागदावर तशीच, पण पूर्ण पगार पहिल्या सहाच आठवड्यांचा. पुढच्या सहांत रजा हवी तर पगाराचे २० टक्के घ्या, नाहीतर कामावर या. बाळंतिणीचा पगार कापणारं हे जगातलं पहिलं महिला-बहुमताचं सभागृह! विम्याची तजवीज करून पूर्ण पगार परत मिळाला तो २०१६ साली.

मुक्कामपोस्ट

२००९चा मुद्दा मर्मावर लागला, नाकारत नाही. पण दुरुस्तीही त्याच बायकांच्या सभागृहाने केली ना? पुरुष बहुमताने चूक केली की आपण 'संसद चुकली' म्हणतो, बायकांनी केली की 'बायका असून काय उपयोग'. हा न्याय कुठला?

खडीसाखर

तुम्ही दोघंही सभागृह काहीतरी ठरवतं असं धरून चाललाय. जिथे २०२४मध्ये राष्ट्राध्यक्षांना ९९ टक्क्यांवर मतं पडतात, तिथे खासदार बाई असो की बुवा, हात वर करायचाच. २०१७मध्ये डियान र्विगारा ही एक बाईच त्यांच्याविरुद्ध उभी राहायला निघाली होती. तिचा अर्ज बाद झाला, नंतर ती तुरुंगात गेली, वर्षभराने जामीन आणि मग निर्दोष सुटका. बायकांना जागा आहे, फक्त त्या जागेवर नाही.

आकड्यांचंही तसंच. २०१९ला फायनान्शियल टाइम्सने तिथल्या गरिबीच्या आकडेवारीवर शंका घेतली, सरकारने ती फेटाळली. आपण कशावर भांडतोय ते आधी ठरवा.

नाचणीची_भाकरी

मी नर्स होते, म्हणून माझ्या कामाचं तेवढं सांगते. गरिबीचे आकडे वादात असतील, पण माता-मृत्यू वेगळ्या सर्वेक्षणातून येतात. २०००च्या सुमारास लाख जन्मांमागे हजाराच्या वर आया मरायच्या. २०१४-१५मध्ये २१०. हे भाषणाने होत नाही. गावागावात आरोग्य सेविका, आपल्या आशाताईंसारखी, गरोदर बाईची नोंद ठेवणारी. वर्गणीचा आरोग्य विमा. २०१९-२०पर्यंत ९३ टक्के बाळंतपणं दवाखान्यात.

पण पुढच्या पाच वर्षांत आकडा २१०वरून २०३वरच आला, तेही सांगायला हवं. बाई दवाखान्यात पोचली, आता तिथे रक्त, भूलतज्ज्ञ, रात्रीचा डॉक्टर लागतो, आणि त्याला पैसा लागतो. २०१९-२०मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांत दर तिघांत एक खुरटलेलं होतं. समानतेच्या निर्देशांकात ते दिसत नाही, मुलगा-मुलगी दोघंही खुरटलेली असतात.

आकडेमोड

नाचणीताई, शेवटचं वाक्य. +१.

मुक्कामपोस्ट

@डोंगरउतार, जमिनीचं तुम्ही जवळून पाहिलंय तर नीट लिहा की. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत आपल्याकडे नवऱ्याने मनावर घेतलं तर बायकोचं नाव लागायचं. तिथे कसं?

डोंगरउतार

मोजणी मी जायच्या आधीच, २०१३च्या सुमारास संपली होती. त्या भाजीवालीनं सांगितलेलं लिहिते. आकाशातून काढलेल्या फोटोचा मोठा कागद घेऊन गावातलीच शिकवलेली पोरं आली. शेजारी बांधावर उभे, सगळ्यांच्या देखत पेनाने रेघ. देशभरात असे एक कोटीहून जास्त तुकडे नोंदले. नवरा-बायको दोघांचं नाव लावायचं, पण लग्न कायदेशीर हवं. हिचं गावरीतीचं होतं, चार मुलं झालेली, तरी कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव.

पुढे सरकारी कचेरीत सामुदायिक लग्नं लागली त्यात ही दोघं उभी राहिली. देशाच्या झेंड्यावर एक हात ठेवून शपथ घ्यायची. नवरा टाळत होता, म्हणे आता या वयात कशाला. हिने कचेरीतल्या बाईला घरी आणलं.

मुक्कामपोस्ट

कचेरीतली बाई! तीही राखीव जागेवरचीच असणार, पैज.

डोंगरउतार

असेल. विचारायचं राहिलं.