भोक पडलं, तरी तीच गिटार

एकाने विचारलंय की अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सन एवढी भोक पडलेली गिटार टाकून नवी का घेत नाहीत. अहो, ते भोक त्यांच्याच हातचं आहे! ‘ट्रिगर’ हे त्या गिटारीचं नाव; मार्टिन कंपनीची एन-२० मॉडेलची ही गिटार १९६९ पासून त्यांच्याकडे. नायलॉनच्या तारांची, मुळात बोटांनी वाजवायची. त्यामुळे पिकच्या, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीच्या, घासण्यापासून लाकूड वाचवणारी पट्टी तिला नाहीच. ते मात्र पिकनेच वाजवत आले. घासून घासून साउंडहोलशेजारी (गिटारीच्या मधल्या गोल भोकाशेजारी) आरपार दुसरं भोक पडलं. टेनेसीतलं घर पेटलं, तेव्हा आत शिरून त्यांनी ही गिटार बाहेर काढली.

माझ्या जुन्या गिटारीच्या मानेवरचं, अंगठ्याखालचं पॉलिश पार गेलंय. अंधारातही हात बरोबर तिथेच जातो. नवीवर अजून चाचपडतो.