स्वस्त टिन व्हिसल ‘खेळणं’ आहे, हे ठरवलंत कशावरून?

फुंकर: ‘पितळी नळी आणि प्लास्टिकचं तोंड असलेली टिन व्हिसल (सहा भोकांची उभी शिट्टी) म्हणजे खेळणं. खालचा डी (सगळ्यात खालचा सूर) फाटतो, वरचे सूर किंचाळतात, दोन्ही सप्तकं जुळत नाहीत. शिकणाऱ्यानेही महागच घ्यावी,’ असं तारसप्तक यांनी लिहिलंय. हे वाचून नवशिके वाद्यच सोडून देतील, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

गार शिट्टी उचलून थेट सूर मोजणाऱ्या ट्यूनरपुढे वाजवली असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. नळीतली हवा 1 अंशाने गार असली की सूर साधारण 3 सेंट (1 सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो. 10 अंशांना 30 सेंट! आधी पाच मिनिटं वाजवून नळी तापवा. मग वरची तीन भोकं झाकून जी धरा, लगेच वरच्या सप्तकातला जी. रेकॉर्ड करा आणि आकडा नंतर बघा. काट्यावर नजर ठेवून वाजवलं की फुंक आपोआप सूर जुळवते आणि शिट्टीचा खरा दोष झाकला जातो.

तारसप्तक: तापवूनच तपासलंय. दोन्ही सप्तकांत 20 सेंटचा फरक उरतो. शिवाय एकाच पेटीतल्या दोन शिट्ट्या सारख्या वाजत नाहीत, याचं काय?

कानसेन: कारण साच्यातून निघालेल्या तोंडाच्या पात्यावर (फुंकेचा झोत जिच्यावर आदळतो ती धार) पापुद्रा राहतो. तोंडावरच्या खिडकीतून (उघड्या खाचेतून) उजेडाकडे बघा, धारेवर केस दिसावा तसा दिसतो. धारदार ब्लेडने एकदाच हलकेच काढा. कानस अजिबात नको, धार एकदा गोल झाली की परत येत नाही.

दुसरं म्हणजे फुंक ज्यातून जाते त्या हवेच्या फटीखालची पोकळी. पोस्टर चिकटवायच्या पुट्टीने ती फटीच्या तळाशी समतल भरा. खालचा डी घट्ट होतो.

तारसप्तक: म्हणजे दुरुस्ती केल्यावर चांगली वाजते! मग मूळ वस्तू वाईट होती हेच सिद्ध झालं ना?

षड्ज: पुट्टीचा सल्ला सरसकट देऊ नका, कृपा करून. प्रत्येक चर्चेत हेच सुरू होतं. पोकळी कमी झाली की दुसरं सप्तक पहिल्याच्या तुलनेत चढतं. ज्याचं वरचं सप्तक उतरलेलं आहे त्याला फायदा. ज्याचं आधीच चढं आहे त्याचा फरक 20 वरून आणखी वाढणार. तारसप्तक, तुमचा वरचा जी चढा आहे की उतरलेला? हे न विचारताच औषध दिलं जातंय.

कानसेन: डी फाटणं हा पहिला त्रास असतो, म्हणून ते आधी सांगितलं. पुट्टी काढताही येते. इतकं चिडण्यासारखं काय आहे त्यात?

षड्ज: चिडण्यासारखं हे, की पुट्टी तळाच्या वर आली तर झोत विस्कटतो आणि नवशिक्याला वाटतं आपली फुंकच वाईट.

तारसप्तक: उतरलेला आहे.

षड्ज: मग भरा. अर्धीच भरून मोजा, नंतर उरलेली.

नळीवाला: मुळात पितळच हवं. प्लास्टिकच्या नळीत तो गोडवा येत नाही.

फुंकर: हे नको. ध्वनिशास्त्राचे अभ्यासक कोल्टमन यांनी 1971 साली चांदी, तांबं आणि लाकडाच्या बासऱ्या पडद्याआड वाजवून घेतल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. आवाज ठरतो फटीच्या उंचीवर, पात्याच्या धारेवर आणि नळीच्या आतल्या आकारावर. क्लार्क कंपनीची निमुळती पत्र्याची शिट्टी घोगरी वाजते ती रुंद फटीमुळे, पत्र्यामुळे नाही.

नळीवाला: पातळ आणि जाड भिंतीत फरक पडतो.

फुंकर: भोकाची खोली बदलते म्हणून. तेवढं मान्य.

कानसेन: आणखी एक. सगळेच सूर सारखे उतरलेले असतील तर तोंडाचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, गोंद सुटला की तोंड फिरवून सैल करा आणि आत सरकवा. पण 1 मिलिमीटर सरकवल्यावर खालचा डी सुमारे 6 सेंट हलतो आणि बी सुमारे 10. म्हणून डी नव्हे, जी जुळवा.

षड्ज: हे बरोबर आहे. आणि सूर अचानक बुडाला तर आधी फटीत साचलेले थेंब बघा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ते फटीतून ओता, पाणी गोळा होणं थांबतं.

तारसप्तक: अर्धी पुट्टी भरली. फरक 20 वरून 8 वर आला. खालचा डी अजून जोराची फुंक सोसत नाही, आणि विकत घेतल्यावर एवढं करावं लागू नये, या मतावर मी ठाम आहे. पण ‘खेळणं’ हा शब्द मागे घेतो.