मॉडेलच्या फटी भरायला काय वापरावं? ट्यूबमधली पुट्टी सांध्यावर नकोच!

नाशिककर: सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हाच ठरवलं की प्लास्टिकचं एक १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) मिग करायचंच. ही विमानं ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात बनायची, आम्हा नाशिककरांना त्यांचं वेगळंच प्रेम. धडाचे दोन भाग चिकटवले, पोटाखालच्या सांध्यावर ट्यूबमधली राखाडी पुट्टी भरली, रात्रभर ठेवून घासली. नखाला काही लागत नव्हतं. चार दिवसांनी प्राइमर मारला, तर नाकापासून शेपटीपर्यंत केसाएवढी रेघ! थिनरवाली पुट्टी सांध्यावर वापरूच नये या मताचा मी झालोय. थिनर उडत राहतो आणि ती आकसत राहते.

गिरगावकर: पुट्टीला बोल लावू नका. एका दमात भरलीत, तिथे चुकलं. जाड थर वरून सुकतो, आत ओलाच असतो. पातळ थर द्या, प्रत्येकाला एक दिवस. शेवटच्या बारीक रेघेवर मिस्टर सर्फेसर ५०० हा दाट प्राइमर ब्रशने लावा. थिनरमुळेच ट्यूबची पुट्टी प्लास्टिकला घट्ट धरते, घासताना कडा उडत नाहीत. पाण्याच्या (अ‍ॅक्रिलिक) पुट्टीच्या उडतात.

पॅनललाइन: केसाएवढ्या फटीला पुट्टी कशाला? सुपरग्लू लावा, तो आकसत नाही. सुईच्या टोकाने थेंब सोडा आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग पॉलिशपेपर आजूबाजूचं प्लास्टिक खातो आणि मधे ग्लूचा उंचवटा राहतो. टाल्कम पावडर मिसळली की घासायला सोपा जातो. शिवाय त्यावर पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाची कोरीव रेघ) परत कोरता येते. पुट्टीत कोरायला गेलं की कडा भुरभुरतात.

गिरगावकर: कोरताना सुई मऊ प्लास्टिकवरून कडक ग्लूवर गेली की घसरते, त्याचं काय?

सावंतवाडी: सगळे घासण्याचंच बोलताय. पंखाच्या मुळाशी काय करणार? तिथे पॉलिशपेपर फिरवला की रिव्हेट गेले. खऱ्या विमानालाही तिथे सांधा दिसतोच, आपल्याला नुसती फट बुजवायची. वालेहो कंपनीची अ‍ॅक्रिलिक पुट्टी बारीक तोंडाच्या ट्यूबने भरा, ओल्या इअरबडने एकदा पुसा, झालं. पावसाळ्यात आमच्याकडे सुकायला वेळ लागतो, एवढंच.

पुणे_गॅरेज: गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरवाली) पुट्टी मिळते, एक डबा वर्षानुवर्षं पुरतो. माझ्या १/२४ गाड्यांवर तीच असते. महागड्या ट्यूबा कशाला?

पॅनललाइन: १/२४ च्या जाड बॉडीवर चालेल. १/७२ पंखाच्या मागच्या धारेवर तिचा थिनर प्लास्टिक मऊ करेल. आणि आकसते तीही.

नाशिककर: काल जुनी पुट्टी खरवडून सुपरग्लू भरला. पाऊण तासाने ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासलं, आज प्राइमर मारला. रेघ नाही. पंखाच्या मुळाशी पाण्याची पुट्टी, हे सावंतवाडीचं म्हणणं पटलं. एनसी मात्र नको.

गिरगावकर: पातळ थरांवर माझीही रेघ चार दिवस थांबल्यावर दिसली नव्हती, म्हणून माझं म्हणणं सोडत नाही. शेपटीपाशी मोठी फट असेल तर तिथे ग्लू ओतू नका. आधी प्लास्टिकची पट्टी बसवा. उरलेल्या रेघेवर काय लावायचं, ते तेव्हा बोलू.