‘क्लिअर सेल’ला मराठीत काय म्हणावं?

अंबाजोगाईहून, दंतवैद्य

केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या टाळूला सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, वर्षभर तशीच होती. कवळी टोचायला लागली म्हणून ते माझ्याकडे आले. मी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट परस्पर त्यांच्या पुतण्याच्या मोबाइलवर गेला आणि त्यानं मला फोन केला, ‘मॅडम, काकांचा रिपोर्ट क्लिअर आलाय. सेल क्लिअर आहेत असं लिहिलंय.’ मी प्रवासात होते. ‘बरं झालं’ म्हणाले आणि रिपोर्ट स्वतः बघितला नाही. ही चूक माझी आहे.

सात आठवड्यांनी कागद हातात आला तेव्हा त्यावर होतं, ‘हायलिनायझिंग क्लिअर सेल कार्सिनोमा’. म्हणजे लाळग्रंथीचा कॅन्सर. गाठ सावकाश वाढणारी होती म्हणून वेळ हातची गेली नाही. त्यांना बार्शीला पाठवलं, ऑपरेशन झालं, आता जेवतात, बोलतात.

पुतण्या बी. कॉम. झालेला मुलगा आहे. त्याला दोष देववत नाही. आपल्याकडे चेक क्लिअर होतो, पेपर क्लिअर होतो, बॅकलॉग क्लिअर होतो, घाटातला रस्ता क्लिअर होतो. मराठीत हा शब्द आला तो चांगली बातमी घेऊनच. त्यानं ओळखीचा शब्द आधी वाचला आणि पुढचा अनोळखी शब्द त्याच्या नजरेतून सुटला.

रिपोर्टसोबत एक मराठी चिठ्ठी जोडायचं मी ठरवलंय. तिच्यात ‘क्लिअर सेल’साठी काय लिहू?

परभणीहून, निवृत्त मराठी शिक्षक

मॅडम, प्रश्न मोलाचा आहे. प्रथम नको असलेले शब्द बाजूला काढू. ‘स्वच्छ पेशी’ सर्वांत घातक, कारण त्यात पुतण्याचाच समज पक्का होतो. ‘निर्मळ’चंही तेच. ‘पारदर्शक’ हल्ली कारभाराला लावतात, तोही गुणवाचक झाला. ‘नितळ’ मला कानाला गोड वाटतो, पण नितळणं म्हणजे गाळ खाली बसून पाणी वर निवळणं. विहिरीचं पाणी नितळलं की आपण भांडं बुडवतो. म्हणजे घाण गेली, आता प्यायला हरकत नाही, हाच अर्थ.

इंग्रजीत ‘क्लिअर’चे दहा अर्थ असतील, इथं नेमका कोणता आहे? त्या पेशीत काय दिसतं ते कुणी जाणकारानं सांगावं. वस्तू न बघता नाव ठेवायला मी धजणार नाही.

नांदेडहून, पॅथॉलॉजी शिकवतो

सांगतो, गुरुजी. जरा लांबेल.

तुकडा आला की तो फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, मेणात बसतो, त्याचे अतिशय पातळ काप निघतात. त्या कापाला दोन रंग देतात. हिमॅटॉक्झिलिननं पेशीचं केंद्रक निळंजांभळं होतं आणि इओसिननं भोवतालचा पेशीरस गुलाबी होतो. जगभर पहिली नजर याच दोन रंगांतून पडते. काही पेशींत केंद्रक निळं दिसतं, कडा दिसते, पण मधली जागा गुलाबी व्हायची ती पांढरीच राहते. त्यांना आम्ही क्लिअर सेल म्हणतो.

पांढरी का राहते, याची कारणं निरनिराळी. कुठं पेशीत ग्लायकोजेन साठलेलं असतं, त्यावर हे दोन्ही रंग बसत नाहीत. कुठं चरबी होती, ती अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून गेली. कुठं म्यूसिन, म्हणजे चिकट स्राव. कुठं पेशीत नुसतं पाणी शिरलेलं. आणि कधी कधी तुकडा नीट मुरलाच नाही म्हणून पेशी फुगून तशी दिसते, तिथं आजार काहीच सांगता येत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना बजावतो की क्लिअर सेल हे वर्णन आहे, निदान नाही. गावोगाव पाटील असतात म्हणून ते सगळे भाऊबंद होत नाहीत, तसंच हे. तोंडात अशा पेशी दाखवणारे आजार बरेच आहेत. लाळग्रंथीतले म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा, अ‍ॅसिनिक सेल कार्सिनोमा, एपिथेलियल-मायोएपिथेलियल कार्सिनोमा, मॅडमच्या रुग्णाला झालेला हायलिनायझिंग. जबड्याच्या हाडात दातांच्या मूळ पेशींतून उठणारा क्लिअर सेल ओडोंटोजेनिक कार्सिनोमा. आणि सगळ्यांत विसरलं जाणारं म्हणजे मूत्रपिंडाचा कॅन्सर, जो वाहत येऊन तोंडात उगवतो. किडनी काढून कित्येक वर्षं लोटलेली असतात, त्यामुळे घरचे ते सांगायचं विसरतात. म्हणून मी अर्जावर नेहमी लिहून मागतो, ‘पूर्वी किडनीचं ऑपरेशन झालंय का?’ हा एक प्रश्न कधी कधी सगळ्या तपासण्यांहून जास्त सांगतो.

लातूरहून, लॅबमध्ये टेक्निशियन

सरांनी सांगितलं ते मी रोज हातानं करते, म्हणून एक भर. पेशी पांढरी दिसली की आमचे सर पी.ए.एस. नावाचा वेगळा रंग द्यायला सांगतात. त्यात ग्लायकोजेन असेल तर पेशी गडद किरमिजी होते. मग त्याच ब्लॉकचा, म्हणजे तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याचा, दुसरा काप घेऊन त्यावर आधी डायास्टेज घालायचं आणि पुन्हा पी.ए.एस. करायचं. डायास्टेजनं ग्लायकोजेन पचतं, त्यामुळे या वेळी रंग येत नाही. रंग गेला तर ग्लायकोजेन होतं, राहिला तर दुसरं काहीतरी.

डायास्टेजची बाटली संपली की जुने टेक्निशियन स्वतःची लाळ वापरायचे. लाळेत तेच काम करणारं अमायलेज असतं. लाळग्रंथीच्या गाठीचं निदान लाळेच्या थेंबानं! मला शिकवणाऱ्या बाईंनी हे करून दाखवलं होतं, ते मी विसरले नाही.

जिंतूर तालुक्यातून

मी शेतकरी आहे, डॉक्टरकीतलं कळत नाही. पण आतून पांढरं, रितं म्हणताय तर आमच्याकडं ‘पोचट’ हा शब्द आहे. भुईमुगाची शेंग वरून भरलेली दिसती, फोडली की आत दाणा नाही. ज्वारीचं कणीस पोचट निघतं. ‘पोचट पेशी’ म्हणा. आणि पोचट म्हणलं की कुणी खुश होत नाही बघा. पुतण्यानं ‘पोचट’ वाचलं असतं तर लगेच विचारलं असतं, असं का म्हणून.

परभणीहून, निवृत्त मराठी शिक्षक

वा! हा शब्द मला सुचायला हवा होता. कवच आहे, आत दाणा नाही, चित्र नेमकं आहे. आणि तुमचा दुसरा मुद्दा त्याहून मोठा आहे. शब्द असा हवा की ऐकणाऱ्यानं थांबून विचारावं.

नांदेडहून, पॅथॉलॉजी शिकवतो

मलाही आवडला, पण दोन अडचणी आहेत. पोचट शेंगेत दाणा धरलेलाच नसतो. इथं पेशी बहुतेक वेळा भरलेली असते, उलट जरा जास्तच भरलेली. आपल्याला ते दिसत नाही एवढंच. दुसरं, पोचट म्हणजे निकामी, दम नसलेलं. नातेवाईक म्हणतील, ‘पोचट हाय, आपोआप वाळून जाईल.’ गाठ वाळत नाही.

धाराशिवहून

मग ‘कोरी पेशी’? कोरा कागद, कोरं कापड. ज्यावर रंग नाही ते कोरं. अर्थ अगदी बसतो, शब्दही छोटा आहे.

अंबाजोगाईहून, दंतवैद्य

‘कोरी’वर मी दिवसभर विचार केला. सुरुवातीला वाटलं, सापडला. मग संध्याकाळी क्लिनिकमध्ये बसलेल्या दोघांना विचारलं, ‘डॉक्टरनं सांगितलं की पेशी कोरी आहे, तर काय समजाल?’ एक जण म्हणाला, ‘म्हणजे काही नाही. सातबारा कोरा असल्यासारखं.’

आपल्या भागात या शब्दाचं काय झालंय ते बघा. कर्जमाफीच्या मागणीनं ‘कोरा’ला सुटकेचा अर्थ दिला. सातबारा कोरा म्हणजे डोक्यावर बोजा नाही. पुण्यातल्या कोशात हा शब्द निर्दोष असेल, पण बीड-लातूरच्या शेतकऱ्याला तो ‘क्लिअर’ इतकाच फसवेल. त्यामुळे ‘कोरी’ सोडून दिला.

हिंगोलीहून

जाता जाता विचारतो, ‘लीजन’ला काय म्हणता? हिंदीत ‘विक्षति’ वाचलंय.

अंबाजोगाईहून, दंतवैद्य

रुग्णासमोर मी जे दिसतं तेच म्हणते, गाठ, चट्टा, फोड, जखम. सगळ्यांना मिळून एक शब्द हवा असेल तर ‘विकृत भाग’ चालतो. ‘व्रण’ टाळते, कारण आम्ही त्याचा अर्थ उघडी जखम असा घेतो आणि घरी लोक जखम भरल्यावर राहिलेल्या खुणेला व्रण म्हणतात. ‘विक्षति’ इथं कुणाच्याच तोंडी नाही.

छत्रपती संभाजीनगरहून, भाषांतरकार

त्या नावातल्या दुसऱ्या शब्दाकडे कुणी बघितलं नाही. ‘हायलिन’ हा मूळ ग्रीक शब्द काचेचा. म्हणजे एकाच आजाराच्या नावात एक ‘काच’ आणि एक ‘क्लिअर’. वाचणाऱ्याला वाटणार की दोन्ही एकच गोष्ट सांगतायत. तसं आहे का?

नांदेडहून, पॅथॉलॉजी शिकवतो

नाही, आणि ही शंका फार योग्य आहे. काच पेशीच्या बाहेर आहे. पेशींच्या पुंजक्यांभोवती तंतूंचा घट्ट, एकसारखा, गुळगुळीत थर असतो. तो काचेसारखा म्हणून हायलिन. पण रंग दिल्यावर तो चांगला गुलाबी होतो! म्हणजे या नावात काच म्हटलेला भाग रंगीत असतो आणि पेशी फिकट. ‘काचाभ’ शब्द वापरायचा तर ‘भोवती काचाभ थर’ असं जागा सांगूनच वापरा.

या नावाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. १९९४ साली हा आजार हायलिनायझिंग म्हणून वेगळा ओळखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ मध्ये तो ‘क्लिअर सेल कार्सिनोमा, अन्यथा न वर्णिलेला’ अशा उरल्यासुरल्यांच्या खान्यात होता. २०११ मध्ये त्याच्या पेशींत ईडब्ल्यूएसआर१ आणि एटीएफ१ ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलेली सापडली आणि त्याला स्वतःची ओळख मिळाली. २०१७ मध्ये नुसता ‘क्लिअर सेल कार्सिनोमा’, आणि २०२२ मध्ये ‘हायलिनायझिंग’ परत नावात आला. नुसतं ‘क्लिअर सेल’ म्हणून भागत नाही हे तज्ज्ञांनाही कळायला इतकी वर्षं लागली.

जनुक तपासलं की संपलं असं मात्र समजू नका. जबड्यातल्या ओडोंटोजेनिक प्रकारातही ईडब्ल्यूएसआर१ मोडलेलं सापडतं. गाठ हाडातून उठली की टाळूच्या मऊ भागातून, हे एक्स-रे, सीटी बघूनच ठरतं. म्युसिकार्मिन या म्यूसिन दाखवणाऱ्या रंगानं लाल डाग दिसले तर मन आधी म्युकोएपिडर्मॉइडकडे जातं, पण हायलिनायझिंगमध्येही थोडी म्यूसिन निघू शकते. एपिथेलियल-मायोएपिथेलियलमध्ये नळीच्या आत एक थर आणि बाहेर फिकट पेशींचा दुसरा थर असतो. बाहेरचा थर एस१००, कॅल्पोनिन या प्रथिनांच्या तपासणीला प्रतिसाद देतो, हायलिनायझिंगच्या पेशी सहसा देत नाहीत. मूत्रपिंडाचा संशय आला की पीएएक्स८ या प्रथिनाची तपासणी. एका खुणेवर कधी भरवसा ठेवू नये.

पैठणची लेक, सध्या जालन्यात

मी सगळं वाचलं. तुम्ही सगळे पेशीला विशेषण शोधताय, पण सरांनी जे सांगितलं ते क्रियापदात आहे. रेशमाची लड रंगात बुडवली आणि एखादी जागा तशीच राहिली तर आमच्याकडं म्हणतात, ‘हितं रंग धरला नाही.’ मेंदीलाही म्हणतो. त्यात लड चांगली का वाईट हे येत नाही. तेलकट हात लागला असेल, पीळ घट्ट असेल, बघावं लागतं. म्हणून म्हणते, ‘रंग न धरणाऱ्या पेशी’.

लातूरहून, लॅबमध्ये टेक्निशियन

ताई, हेच! आम्ही लॅबमध्ये सुद्धा ‘स्टेन धरला नाही’ असंच बोलतो. इतके दिवस बोलतोय आणि लिहायचं सुचलं नाही.

नांदेडहून, पॅथॉलॉजी शिकवतो

मला पटलं. फक्त एक दुरुस्ती हवी, आणि ती छोटी नाही. ‘न धरणाऱ्या’ म्हटलं की तो पेशीचा स्वभाव झाला, जणू ती कुठलाच रंग धरत नाही. पण पी.ए.एस. मध्ये तीच पेशी किरमिजी होते, हे आत्ता वर आलंय. म्हणून ‘नेहमीचा रंग न धरलेल्या पेशी’ करा. ‘नेहमीचा’ शब्द गाळू नका, सगळं निदान त्याच शब्दावर उभं आहे.

परभणीहून, निवृत्त मराठी शिक्षक

‘धरणाऱ्या’ आणि ‘धरलेल्या’. एक सवय सांगतो, दुसरा घडलेली गोष्ट. चाळीस वर्षं कृदन्तं शिकवली, इतकं चांगलं उदाहरण वर्गात कधी मिळालं नाही. लांब आहे म्हणून तक्रार नको. कोशातल्या नोंदीला लहान शब्द लागतो, चिठ्ठीला नाही.

अंबाजोगाईहून, दंतवैद्य

चिठ्ठी अशी केली आहे:

‘तुमच्या रिपोर्टमध्ये क्लिअर सेल असे शब्द आहेत. याचा अर्थ रिपोर्ट क्लिअर आहे असा नाही. नेहमीचा रंग न धरलेल्या पेशी दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ आहे. अशा पेशी साध्या गाठीतही असतात आणि कॅन्सरमध्येही. तुमच्या गाठीत त्या कशामुळे आहेत, ते रिपोर्टमध्ये पुढे लिहिलं आहे. हा कागद घेऊन आठ दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. पूर्वी किडनीचं किंवा कुठल्याही गाठीचं ऑपरेशन झालं असेल तर ते न विसरता सांगा.’

रिपोर्टवरचं इंग्रजी नाव तसंच ठेवणार आहे, कारण बार्शीला, संभाजीनगरला किंवा मुंबईला गेल्यावर तेच नाव लागतं.

माझ्या क्लिनिकमध्ये मदतीला मावशी आहेत, घाटनांदूरच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. चिठ्ठी आधी त्यांना वाचून दाखवली. ‘नेहमीचा रंग न धरलेल्या’ इथं त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, ‘मग दुसरा रंग लावून बघितला का न्हाई त्यायनी?’