पक्षाघातानंतर बाबांना विद्यापीठाच्या पुनर्वसन केंद्रात न्यावं का? तिथे विद्यार्थी उपचार करतात

पाऊलवाट

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण नीट सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. साडेचार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. हात मात्र जिथे ठेवू तिथे पडून राहतो. मनगट उचला म्हटलं की खांदा वर जातो, मनगट तिथल्या तिथे. बोलण्यात 'हो' आणि 'तेच ते' एवढंच उरलंय. 'नाही' म्हणायचं असतं तेव्हाही तोंडून 'हो'च निघतं, आणि मग ते स्वतःवरच चिडतात.

सुरुवातीला फिजिओ घरी यायचे. आता तेही बंद झालंय. "पाय चालतोय ना, घरी व्यायाम करत राहा," एवढं सांगून गेले. हाताचं आणि बोलण्याचं काय, ते कोणी सांगत नाही. मग विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विभागाच्या केंद्राबद्दल कळलं. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार), स्पीच थेरपी, सगळं एकाच छताखाली. फोन केला तेव्हा सांगितलं की शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी उपचार करतात आणि शिक्षक देखरेख करतात.

इथेच माझं अडलंय. बाबांनी सगळं आयुष्य हिशेबाच्या वह्या सांभाळण्यात काढलं, चार माणसं त्यांचा सल्ला घ्यायला यायची. त्यांच्यासमोर विशीतली मुलं चमच्याचं चित्र धरून "काका, हे काय?" विचारणार, हे डोळ्यांसमोर आलं तरी पोटात कालवतं. शिवाय सेमिस्टर संपलं की मुलं बदलणार.

आणखी एक. एक नातेवाईक म्हणाले, चांगला हात बांधून ठेवा, म्हणजे आजारी हात आपोआप कामाला लागेल. आम्ही दोन दिवस तसं केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा रडले, मग सोडून दिलं. आमचं चुकलं का?

दुपारउन्हं

आईच्या वेळचा अनुभव सांगते. एका ठिकाणी तिला खुर्चीतून उठवताना मदतनिसाने लुळा हात धरून ओढलं. खांदा आधीच सैल होता. त्यानंतर दोन महिने तिला कुशीवर वळता येत नव्हतं. तो मदतनीस विद्यार्थी नव्हता, कित्येक वर्षं हेच काम करणारा माणूस होता. म्हणून विद्यार्थी की अनुभवी, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. हात लावणाऱ्याच्या शेजारी कोण उभं असतं आणि तो आपलं ऐकून घेतो का, हे बघा.

कोपऱ्यातली खुर्ची

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अशाच एका शिकवण्याच्या केंद्रात देखरेख करते. विद्यार्थी पेशंटसोबत काम करत असतो आणि मी त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेली असते, म्हणून हे नाव.

आधी हात बांधण्याचं, कारण ते मनाला लागलेलं दिसतंय. ही पद्धत खरी आहे. चांगला हात अडकवून आजारी हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतात. तिची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेले २२२ जण तिच्यात होते आणि फायदाही दिसला. पण त्यात कोणाला घ्यायचं याची अट होती. मनगट थोडं तरी वर उचलता आलं पाहिजे आणि बोटं थोडी तरी उघडता आली पाहिजेत. हात जागचा हलतच नसेल, तर दुसरा बांधून माणसाचे दोन्ही हात जातात. बाबा रडले, कारण त्यांचा उरलासुरला हातही काढून घेतला गेला. मुद्दाम तर कोणी केलं नाही, पण आता पुन्हा करू नका.

आता विद्यार्थ्यांचं. त्यांच्याकडे एक गोष्ट असते जी माझ्याकडे नसते, ती म्हणजे वेळ. एका पेशंटच्या पहिल्या तपासणीला आमची मुलं दीड-दोन तास देतात. संतुलन मोजायची एक नेहमीची कसोटी आहे, १४ कामं आणि ५६ गुण. उठणं, उभं राहणं, वळून मागे बघणं, जमिनीवरची वस्तू उचलणं वगैरे. गर्दीच्या ओपीडीत ती पूर्ण होताना क्वचित दिसते. आमच्याकडे ती होते, लिहून ठेवली जाते आणि महिन्याने पुन्हा होते. घरी काठी घेऊन चालणारा माणूस रस्ता ओलांडू शकेल का, हे १० मीटर चालायला त्याला किती सेकंद लागतात त्यावरून बरंच कळतं. साडेबारा सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून लवकर गेला, तर बाहेर वावरण्याइतका वेग आहे असं आम्ही धरतो. पंचवीसहून जास्त लागले, तर सध्या वावर घरापुरताच.

वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून पेशंट सांभाळायचा, हा प्रकारही नवा नाही. स्वीडनमधल्या लिंकपिंग विद्यापीठात १९९६ मध्ये असा वॉर्ड सुरू झाला. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी असे सगळे एकत्र, शिक्षक पाठीशी. त्याचा फायदा तुमच्यासारख्या घरांना कळतो. एरवी फिजिओला खांद्याचं सांगायचं, स्पीचला तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, यातच घरचे थकून जातात.

भीतीही खोटी नाही. माणसं बदलतात. बॅच बदलते त्या आठवड्यात पेशंट हिरमुसतात, हे मी दरवेळी बघते. म्हणून जाण्याआधी विचारा: जाणारा विद्यार्थी येणाऱ्यासोबत निदान एक सत्र एकत्र घेतो का? सुट्टीत केंद्र बंद असतं का? शिक्षक खोलीत असतात की नुसती सही करतात? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं, तर नेऊ नका.

आणि चमच्याचं चित्र. तुमचं म्हणणं मला पटतं. माझ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं असतं की पहिल्या दिवशी चित्रं काढायचीच नाहीत, या माणसाला परत काय करायचंय ते आधी शोधायचं. 'हाताची ताकद वाढवायची' असं मोघम नको, एक ठरावीक काम हवं. बाबांचं असं काही आहे का?

घरी तोवर एवढं करा: बसलेले असताना लुळ्या हाताखाली उशी हवी, हात लोंबकळता कामा नये. उठवताना हात किंवा काख धरून ओढायचं नाही. पावलं मागे घ्यायला सांगा, पुढे वाकू द्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की माणूस बराचसा आपल्याच जोरावर उठतो. आधार कमरेला द्या. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का किंवा ठसका लागतो का, यावर लक्ष ठेवा. तसं असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या, बाकी सगळं नंतर.

पाऊलवाट

तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. गिळताना त्रास नाही.

ठरावीक काम आहे. बाबांचं चावीचं मनगटी घड्याळ. रोज सकाळी खिडकीशी उभं राहून चावी द्यायचे. आता ते बंद पडून टेबलावर आहे. मी चावी देऊ का विचारलं, तर हात आडवा केला.

अर्धविराम

ताई, माझ्या यजमानांचीही वाचा अशीच गेली होती, म्हणून बोलण्यापुरतं लिहिते. शब्द गेले म्हणजे समज गेली असं नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. लोक त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलतात. ह्यांना ते सगळं कळत होतं, हे त्यांनी पुढे वर्षभराने मला सांगितलं.

'हो'-'नाही'ची गल्लत आमच्याकडेही होती. स्पीच थेरपीच्या मुलीने एका पुठ्ठ्यावर 'हो' आणि 'नाही' ठळक लिहून दिलं. तोंडाने काहीही येवो, बोट ठेवतील ते उत्तर धरायचं. पहिल्याच दिवशी निम्मी चिडचिड गेली. प्रश्न एका वेळी एकच विचारायचा, आणि मग थांबायचं. दहा-दहा सेकंद गप्प बसणं फार जड जातं, पण मधे शब्द पुरवला की त्यांचा शोधत आणलेला शब्द निसटतो. एक ते दहा आकडे, वारांची नावं हे कधी कधी एका ओघात येतं, सुटा शब्द येत नसला तरी. तुमचे बाबा हिशेबातले, आकड्यांनी सुरुवात करून बघा.

मन खचलंय का तेही विचारा. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि बोलता येत नसलं की ते कोणाला दिसतही नाही.

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय. नेलं बाबांना.

पहिल्या दिवशी शिक्षक मॅडम पूर्ण वेळ खोलीत होत्या. मुलगा साधारण बावीसचा, बाबांच्या समोर खाली बसला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं. मी घड्याळ नेलं होतं. त्याने ते माझ्याकडून घेतलं नाही, बाबांकडे द्यायला सांगितलं. नंतर मॅडमनी समजावलं की उजव्या चिमटीने चावी फिरवणं सध्या होणार नाही, त्याचा हट्ट धरायचा नाही. पण उजवा हात धरायचं काम करू शकतो. टेबलावर हात, खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी, तळव्यात घड्याळ ठेवून बोटं त्यावर मिटायची, आणि चावी डाव्या हाताने. पहिल्या आठवड्यात घड्याळ पाच वेळा घरंगळलं. आता राहतं. काल बाबांनी पाच-सहा वळसे दिले आणि कानाशी धरलं.

१० मीटरला २१ सेकंद लागले. मागच्या मंगळवारी १९.

चमच्याचं चित्र एकदा निघालंच, स्पीचच्या मुलीकडून. बाबांनी ते बाजूला सारलं. पुढच्या वेळी ती आकड्यांचा रकाना लिहून घेऊन आली, बेरजेत मुद्दाम एक चूक ठेवून. बाबांनी चुकीवर बोट ठेवलं आणि 'नाही' म्हणाले. तोंडाने. आई बाहेर बाकावर बसली होती, तिला आत बोलावून घेतलं. तिच्यासमोर पुन्हा जमलं नाही, पण मी ऐकलंय.

पाच आठवड्यांनी ही बॅच जाते. दोघांनी मिळून एक सत्र घ्यायचं मॅडमनी कबूल केलंय, तारीख लिहून घेतलीय. सुट्टीचे बारा दिवस केंद्र बंद आहे. कोपऱ्यातली खुर्ची, त्या दिवसांत घरी हातासाठी रोज किती वेळ आणि काय करावं? बाबा दुपारी फार दमतात, सकाळचा तासच आमच्या हाताशी असतो.