कोशँ आणि प्रेव्हो: आपल्या छापाबद्दल

आपल्याकडच्या छापाखाली, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उठवलेल्या चित्राखाली, कोशँचं नाव आहे म्हणून खोदकामही त्याचंच, असं वाटू शकतं. ते तसं नाही. अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखक दिदरोच्या विश्वकोशाचं हे मुखचित्र (ग्रंथाच्या सुरुवातीचं चित्र) शार्ल-निकोला कोशँने 1764 मध्ये रेखाटलं आणि बनवा-लुई प्रेव्होने 1772 मध्ये तांब्यावर उतरवलं. अशा छापांत रेखाटणाऱ्याचं नाव बहुधा डावीकडे, खोदणाऱ्याचं उजवीकडे असतं. उजवा कोपरा भिंगाने पाहा.

चित्रातल्या व्यक्ती म्हणजे मूर्त रूप दिलेल्या कल्पना आहेत. मधली तेजोमय स्त्री म्हणजे सत्य. विवेक तिचा पडदा उचलतोय, तत्त्वज्ञान तो ओढून काढतंय. धर्मशास्त्र मात्र पायाशी गुडघे टेकून, प्रकाश वरूनच येईल या आशेने बसलंय. त्या काळाच्या मानाने हे फार धीट होतं!

छाप जुना आहे का, हे दहापट भिंगातून पाहा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यांत्रिक प्रतिकृती. खऱ्या छापात सलग रेषा दिसतात आणि गडद जागी शाई किंचित उंचावलेली असते. कागद उजेडासमोर धरा: साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या समांतर रेषा हव्यात. तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा कागदावरचा दाब दिसला नाही, तरी लगेच नाकारू नका. समास अनेकदा कापलेले असतात. डाग काढायला ब्लीच मात्र अजिबात वापरू नका, कागदाचे तंतू कमजोर होतात.